मामाने बोटीवरून आणलेला सोनीचा मायक्रो टीव्ही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथीला आमच्या माशेलच्या घरी गणपती बघायला येणाऱ्यांची नजर आधी माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांवर जाते आणि मग कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटातल्या त्या एवढ्याशा टीव्हीवर. तिथून प्रश्न सुरू होतात. पुतण्या म्हणाला, "काका, दर वर्षी तेच सांगता, एकदा लिहून तरी काढा." म्हणून लिहायला घेतलं. जुनं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात माझी चाळीस वर्षं गेली, त्यामुळे काही उत्तरं लांबतील. ज्यांना फक्त वायरी कशा जोडायच्या तेवढंच हवं असेल, त्यांनी सरळ खालचे प्रश्न बघावेत.

हा नेमका कुठला टीव्ही?

जपानच्या सोनी कंपनीचा ५-३०३, अमेरिकी बाजारासाठी बनवलेला. साल १९६२. पडदा पाच इंची, चित्र काळं-पांढरं, वजन चार किलोच्या आत. कंपनीने त्याला 'मायक्रो टीव्ही' म्हटलं. त्या वेळी अमेरिकेत ज्याच्या त्याच्या घरात लाकडी कपाटाएवढे टीव्ही होते आणि पडदा जितका मोठा तितकी घराची ऐट. अशा बाजारात सोनीने ऑक्टोबर १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर स्वतःची शोरूम उघडली आणि त्याच महिन्यात हा तळहातावर मावेल एवढ्या पडद्याचा टीव्ही विकायला ठेवला.

गोव्यात टीव्ही सुरू होण्याआधी हा इथे आला कसा?

मामा बोटीवर स्टुअर्ड होता. १९६४ साली न्यूयॉर्कच्या बंदरात बोट लागली होती तेव्हा त्याने तो घेतला. मुंबईला उतरून जकात भरली, भाऊच्या धक्क्यावरून आगबोट धरली आणि पणजीच्या धक्क्यावर उतरला तेव्हा खोका त्याच्या खांद्यावर होता. हमालाच्या हाती त्याने तो दिला नाही.

आता त्या वेळची स्थिती बघा. गोवा मुक्त होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. देशात टीव्ही होता तो फक्त दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ पासून. मुंबईला तो यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडायचा होता. आमच्या वाड्यावर तर विजेचा खांबही नव्हता. पण हा टीव्ही १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. मामाने फोंड्याच्या एका गॅरेजमधून गाडीची बॅटरी भाड्याने आणली, सोप्यावर चौरंग मांडला, त्यावर टीव्ही ठेवला आणि तिन्हीसांजेला कळ फिरवली.

मी सात वर्षांचा होतो. पडद्यावर मुंग्या आल्या, म्हणजे वळवळणारे काळे-पांढरे ठिपके. नुसत्या मुंग्या, आणि सूं असा आवाज. सगळा वाडा जमला होता. आजीने विचारलं, "अमेरिकेत पाऊस पडतोय का रे?" मामा म्हणाला, "व्हय, मोठा पडतोय." माणसं तासभर तो पाऊस बघत बसली.

पुढे बऱ्याच वर्षांनी मला कळलं, की त्या मुंग्यांमध्ये थोडासा अंश विश्वाच्या जन्मापासून उरलेल्या लहरींचा असतो. त्या लहरी पेन्झियस आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांना अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या ॲन्टेनावर सापडल्या, त्याही १९६४ सालीच. ज्या ट्रान्झिस्टरमुळे, म्हणजे करंट कमी-जास्त करणाऱ्या छोट्याशा तुकड्यामुळे, हा टीव्ही बनू शकला तोसुद्धा १९४७ च्या डिसेंबरात त्याच बेल प्रयोगशाळेत जन्मला. आमच्या वाड्याने त्या रात्री बघितलं ते अगदीच काही नव्हे असं नव्हतं.

जगातला पहिला ट्रान्झिस्टर टीव्ही हाच का?

नाही. अमेरिकेच्या फिल्को कंपनीचा सफारी १९५९ साली आला. पण त्यातली चित्रनळी दोन इंचांची होती आणि ते चित्र भिंगा-आरशांतून मोठं करून दाखवलं जाई. नळीवरचं चित्र थेट डोळ्यांनी बघायचा, संपूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा पहिला टीव्ही म्हणजे सोनीचाच टीव्ही ८-३०१. तो मे १९६० मध्ये जपानात विक्रीला आला. आठ इंची पडदा, २३ ट्रान्झिस्टर, वजन सुमारे सहा किलो, किंमत ६९,८०० येन. आमचा ५-३०३ हा त्याचा धाकटा भाऊ.

तो ८-३०१ सारखा बिघडायचा म्हणतात. खरं का?

खरं. सोनीमध्येच त्याला 'नाजूक बाळ' म्हणत. पण त्याला नावं ठेवण्याआधी खालचं उत्तर वाचा.

रेडिओत ट्रान्झिस्टर सहज बसला, मग टीव्हीत काय एवढं कठीण होतं?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि मला सर्वांत आवडतो तो हाच.

रेडिओतला ट्रान्झिस्टर हलकं काम करतो. टीव्हीत तीन जागा अशा आहेत, की तिथे त्याचा घाम निघतो. पहिली जागा ट्यूनर, म्हणजे चॅनेल पकडणारा भाग. मध्यम लहरींच्या रेडिओत सेकंदाला काही लाख कंपनं असतात, इथे ती वीस कोटींपर्यंत जातात. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर या वेगाला दमून जायचे. दुसरी जागा चित्रनळीला संकेत पोचवणारा शेवटचा टप्पा. तिथे व्होल्टेज दहा-दहा, वीस-वीसने वर-खाली व्हावं लागतं, नाहीतर चित्र पांढुरकं दिसतं, काळं काळं होत नाही.

तिसरी जागा सगळ्यांत अवघड. नळीतला इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ काढतो आणि झटक्यात परत डावीकडे येतो. अमेरिकी पद्धतीत हे सेकंदाला १५,७५० वेळा होतं. झोत वळवण्यासाठी नळीच्या मानेवर तांब्याच्या तारेची कॉइल असते. तिच्यातून वाढत जाणारा करंट ओळीच्या शेवटी एकदम तोडावा लागतो. धावत्या पाण्याचा नळ झटकन बंद केला की पाइप धाडकन वाजतो ना, तसाच कॉइलमधून व्होल्टेजचा फटका बसतो. त्याच फटक्यावरून पुढे नळीला लागणारे हजारो व्होल्ट बनवतात, म्हणजे तो टाळूनही चालत नाही. हा फटका सेकंदाला पंधरा हजार वेळा सोसायचा तो एका शेंगदाण्याएवढ्या तुकड्याने! जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर तापला की गळू लागतो, गळला की आणखी तापतो, आणि शेवटी जातो.

सोनीला बाजारात असा ट्रान्झिस्टर मिळाला नाही, म्हणून त्यांनी तो स्वतः केला, सिलिकॉनचा. ८-३०१ मध्ये ही वाट नुकती सापडली होती, म्हणून ते बाळ नाजूक राहिलं. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी एपिटॅक्सियल नावाची पद्धत हस्तगत केली. सिलिकॉनच्या जाड चकतीवर सिलिकॉनचाच अगदी पातळ, शुद्ध थर चढवायचा, तव्यावर घावन पसरावं तसा. पातळ थर व्होल्टेज सोसतो, खालची चकती करंट सहज वाहू देते. ५-३०३ टिकला तो यामुळे. आमच्या टीव्हीतले ओळ काढणारे ट्रान्झिस्टर अजून मूळचेच आहेत, आणि हे सांगताना मला दर वेळी भरून येतं.

सोनी कंपनी सुरू कशी झाली?

७ मे १९४६ रोजी, युद्धात जळालेल्या टोकियोत. मासारू इबुका आणि अकिओ मोरिता हे दोघे तिचे जनक. नाव होतं टोकियो त्सुशिन कोग्यो, जागा एका डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीतली, माणसं वीसेक. पहिल्या दिवसांत त्यांनी विजेवर भात शिजवायचं भांडं करून बघितलं, लाकडी, तळाला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. भात एकतर कच्चा राहायचा नाहीतर त्याचा लगदा व्हायचा. ते विकलं गेलं नाही. १९५० साली त्यांनी जपानचा पहिला टेपरेकॉर्डर काढला.

१९५२ मध्ये इबुका अमेरिकेला गेले तेव्हा ट्रान्झिस्टर बनवायचा परवाना मिळू शकतो असं त्यांना कळलं. किंमत २५,००० डॉलर. एवढं परकीय चलन एका लहान कंपनीला द्यायला जपान सरकारचं खातं तयार होईना, त्यात वेळ गेला. तरी १९५५ च्या ऑगस्टमध्ये जपानचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ टीआर-५५ त्यांनी बाजारात आणला. त्याच साली अमेरिकेच्या बुलोव्हा कंपनीने एक लाख रेडिओ मागितले, अट एकच, की वर नाव बुलोव्हाचं असेल. मोरितांनी नकार दिला. हातात पैसा नसताना एवढी ऑर्डर परत करायला काय लागतं, ते धंदा केलेल्या माणसाला विचारा.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जास्त वेगाचे ट्रान्झिस्टर करायच्या खटपटीत त्यांनी फॉस्फरस घालून बघितला आणि माल मोठ्या प्रमाणावर वाया जाऊ लागला. लिओ एसाकी नावाचा त्यांचा तरुण शास्त्रज्ञ त्या फसलेल्या मालाच्या मुळाशी गेला आणि १९५७ मध्ये त्याला टनेल डायोड हा नवाच इलेक्ट्रॉनिक भाग सापडला. १९७३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला या कामासाठी मिळालं.

इबुका गेले १९ डिसेंबर १९९७ रोजी. आमच्याकडे त्या दिवशी मुक्तिदिन असतो, त्यामुळे तारीख माझ्या ध्यानात राहिली. मोरिता १९९९ च्या ऑक्टोबरात गेले.

'सोनी' म्हणजे काय?

लॅटिनमध्ये 'सोनस' म्हणजे ध्वनी, आणि इंग्रजीत लाडाने पोराला 'सनी' म्हणतात. दोन्ही मिळून हे नाव जुळवलं. आधी ते मालावर आलं, जानेवारी १९५८ मध्ये कंपनीचंच नाव झालं. कुठल्याही भाषेच्या माणसाला उच्चारता यावं एवढी साधी अपेक्षा होती.

याला रंगीत चित्र का येत नाही?

याच्या नळीला आतून पांढरा उजेड देणारा एकच लेप आहे. सोनीचा ट्रिनिट्रॉन रंगीत टीव्ही १९६८ मध्ये आला. आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झालं १९८२ मध्ये.

पुढे पणजीहून दूरदर्शन दिसू लागलं, तेव्हा याच्यावर चित्र यायचं पण आवाज नाही. का?

आमच्या नात्यातल्या प्रत्येकाला हे आठवतं, म्हणून सविस्तर सांगतो.

ऐंशीच्या दशकात पणजीच्या आल्तिनो टेकडीवरच्या ट्रान्समीटरमुळे आमच्याकडे टीव्ही दिसू लागला. मी तेव्हा नुकता दुरुस्तीची कामं घेऊ लागलो होतो. कपाटातला टीव्ही काढला, चॅनेलची कळ फिरवली, बारीक ट्यूनिंग केलं. पडद्यावर माणसाचा चेहरा आला, पण वरून खाली सरकत राहिला, विहिरीच्या रहाटावरच्या पोहऱ्यासारखा. उभं चित्र धरणारी कळ पार टोकाला नेली तेव्हा तो थांबला, आणि बोट काढलं की पुन्हा सरकू लागे. मग मी बोट तिथेच धरून बसलो आणि आजीने बातम्या बघितल्या, बातम्या देणाऱ्या बाईंचे हलणारे ओठ बघत. आवाज आलाच नाही.

कारण असं. अमेरिका आणि जपानमध्ये चित्र ५२५ ओळींचं असायचं, सेकंदाला ३० चित्रं. भारतात ६२५ ओळी आणि २५ चित्रं. गुणाकार करून बघा : एकीकडे सेकंदाला १५,७५० ओळी, दुसरीकडे १५,६२५. दोन्ही आकडे इतके शेजारी, की आडवी ओळ आपोआप जुळते. उभ्या दिशेला मात्र एक चित्र दोन फेऱ्यांत निघतं, त्यामुळे टीव्हीला सेकंदाला ६० फेऱ्यांची सवय आणि आपल्याकडे ५०, म्हणून चित्र सरकतं आणि कळ ताणून ते धरावं लागतं.

आवाजाची गोष्ट निराळी. चित्राच्या लहरीपासून आवाजाची लहर अमेरिकी पद्धतीत ४.५ मेगाहर्ट्झवर असते, आपल्या पद्धतीत ५.५ वर. टीव्हीतला आवाजाचा भाग ४.५ वर कान लावून बसलेला, तिथे काहीच नाही. कळ कितीही फिरवली तरी हे अंतर बदलत नाही. त्या काळी परदेशातून टीव्ही आणणाऱ्या कितीतरी घरांत हेच झालं आणि लोकांना वाटलं स्पीकर गेला. मी स्वतः असे चार-पाच धडधाकट स्पीकर बदलायला आलेले बघितलेत.

याला लायसन्स होतं का?

होतं. टीव्हीचं लायसन्स पोस्टात काढावं लागे, वर्षाला ५० रुपये. १९८५ मध्ये ते बंद झालं. आमचं पुस्तक आईने तांदळाच्या डब्यावरच्या फळीवर जपून ठेवलं होतं.

आज नुसता ॲन्टेना वर करून चालू केला तर काय दिसेल?

मुंग्या. जपानमध्ये बहुतेक ठिकाणी २४ जुलै २०११ रोजी जुनं ॲनालॉग प्रक्षेपण थांबलं, आपल्या दूरदर्शननेही आपले ॲनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले. म्हणजे १९६४ मध्ये दिसलं तेच पुन्हा.

मग चवथीला तुम्ही त्यावर आरती लावता ती कशी?

आरएफ मॉड्युलेटर नावाची छोटी पेटी मिळते. डीव्हीडी प्लेअरच्या पिवळ्या-पांढऱ्या वायरी तिच्यात घातल्या की ती एखाद्या चॅनेलवरचा बारीकसा ट्रान्समीटर असल्यासारखी वागते. इथे चूक होते ती पेटी घेताना. आपल्या बाजारातली पेटी आवाज ५.५ वर सोडते, म्हणजे पुन्हा मुका टीव्ही. अमेरिकी पद्धतीची, ३ किंवा ४ नंबरच्या चॅनेलवर चालणारी घ्यायची. प्लेअरच्या सेटिंगमध्ये पाल (आपली पद्धत) काढून एनटीएससी (अमेरिकी पद्धत) करायचं, म्हणजे चित्र सरकणार नाही. मॉड्युलेटरची वायर ७५ ओहमची असते, त्या काळच्या टीव्हीची बाहेरच्या ॲन्टेनाची जोडणी बहुधा ३०० ओहमची, म्हणून मध्ये बलून, म्हणजे या दोन जोडण्या जुळवणारा छोटा तुकडा लावायचा. तो केबलवाल्याकडे सहज मिळतो.

मी हे पहिल्यांदा जुळवलं तेव्हा मामा होता. ऐंशीला टेकला होता, कानाला यंत्र. पाच इंची पडद्यावर आमच्याच देवळातल्या पालखीचं चित्रण लावलं आणि ढोल-ताशे वाजू लागले. त्याने कानातलं यंत्र काढून ठेवलं आणि कान टीव्हीला टेकवला. मग म्हणाला, "न्यूयॉर्कच्या दुकानात ऐकला होता, तसाच आहे."

तो सरळ आपल्या प्लगला लावू का?

लावू नका. हा अमेरिकी विजेवर, म्हणजे ११७ व्होल्टवर चालणारा आहे. जपानी बाजारातला असेल तर १०० व्होल्ट. आपल्याकडे २३०. एका पाहुण्याने आमच्या घरी उत्साहाने प्लग लावला होता, धूर निघाला आणि ट्रान्सफॉर्मर मला पुन्हा गुंडाळावा लागला. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर वापरा, नाहीतर १२ व्होल्टची बॅटरी. बॅटरी लावताना अधिक-उणे दोनदा बघा. उलट लावली तर ट्रान्झिस्टर तुम्हाला दुसरी संधी देत नाही.

माझ्या आजोळी असाच एक सापडला आहे. आधी काय करू?

चालू करू नका. हात शिवशिवतील, तरी नाही. चाळीस-पन्नास वर्षं पडून राहिलेल्या टीव्हीतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विजेचा साठा धरणारे छोटे डबे) सुकलेले किंवा गळलेले असतात. बुडाशी हिरवट-काळा डाग दिसतो, सर्किटचं तांबं खाल्लेलं असतं. असा कपॅसिटर पहिल्याच क्षणी शॉर्ट झाला तर शेजारचा ट्रान्झिस्टर घेऊन जातो, आणि तो ट्रान्झिस्टर आता कुठे मिळायचा? जाणकाराकडून आधी कपॅसिटर बदलून घ्या, मग व्होल्टेज हळूहळू चढवत न्या. मागचं झाकण स्वतः उघडायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा, की बंद टीव्हीच्या नळीतही हजारो व्होल्ट साठून राहू शकतात, आणि नळीच्या मानेला धक्का लागला तर ती फुटून काचा उडू शकतात. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

गोव्याच्या हवेत हे टिकतं कसं?

कष्टाने. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यात समुद्राकडून येणारी खारट हवा. ट्यूनरच्या आतले चांदीचे संपर्क काळे पडतात, ट्रान्सफॉर्मरच्या कागदाला ओल धरते, चामड्याच्या पिशवीवर आठवड्यात बुरशी. मी मृगाच्या आधी टीव्ही पुसून, मऊ ब्रशने झाडून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो. पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर गरम करून पुन्हा वापरतो. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवणं सर्वांत वाईट, आतली ओल आतच कोंडते. पावसाळ्यातून एकदा कोरड्या दिवशी बाहेर काढायचा, दहा-पंधरा मिनिटं चालवायचा. आतल्या उबेने जेवढी ओल जाते तेवढी उन्हाने जात नाही, आणि उन्हात ठेवला तर वरचं प्लास्टिक पिवळं पडतं.

आतलं सगळं काढून छोटा एलसीडी बसवला तर दिसायला छान दिसेल ना?

दोन पोरं हेच विचारायला म्हापशाहून खास आली होती. शुक्रवारच्या बाजारात त्यांना एक जुना पोर्टेबल मिळाला होता. मी त्यांना बसवलं, आमचा टीव्ही उघडून दाखवला. सगळ्या तारा हाताने वळवलेल्या, प्रत्येक डाग देताना कुणीतरी श्वास रोखून धरलेला. तुमचा टीव्ही खरंच मेला असेल, नळीतला निर्वात गेला असेल, तर डबा तुमचा आहे, हवं ते करा. पण नुसता बंद आहे म्हणून आतडी काढू नका. बंद असणं आणि मेलेला असणं यात बहुतेक वेळा दोन कपॅसिटरचा फरक असतो. त्या पोरांचा टीव्ही मीच दुरुस्त केला, तीन कपॅसिटर लागले.

विकणार का?

नाही.

आमचा दुरुस्त करून द्याल का?

काळ्या-पांढऱ्या पोर्टेबलची कामं अजून घेतो, रंगीत घेत नाही. आणताना चित्रनळी वरच्या बाजूला येईल असा मऊ कपड्यात ठेवून आणा, मोटारसायकलच्या डिकीतून नको. जुनी कळ किंवा स्क्रू गळून पडला असेल तर तोही पाकिटात घालून आणा, त्या मापाचे आता मिळत नाहीत. आणि घरातल्या कुणी तो आणला, कुठल्या बंदरातून आणला हे माहीत असेल तर सांगा. कुठल्या देशाचा टीव्ही आहे ते त्यावरून कळतं, आणि मग आवाज ४.५ वर शोधायचा की ५.५ वर, ते मला उघडण्याआधीच समजतं.